प्रताधिकाराचा अर्धा धडा

परक्याची पेन्सिल उचलली तर ती चोरी होय, हे मुलास बालवर्गातच कळते. परक्याची कविता उचलून तिच्याखाली आपले नाव घातले तर तीही चोरीच, हे मात्र मॅट्रिकच्या उंबरठ्यावर आलेल्या पुष्कळांस उमगत नाही. वार्षिकासाठी लेख मागविले म्हणजे प्रतिवर्षी याचा प्रत्यय येतो. पेन्सिल नेली तर मालकाचा हात रिकामा होतो; कविता नेली तरी ती कवीजवळ राहतेच; मग त्याचे गेले काय, असे मुले विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दहा आज्ञांतील चोरीविषयीची आज्ञा वर्गात सांगताना आम्हांसही तो पुष्कळदा थांबवितो. अलीकडे सरकार आणि मोठमोठ्या कंपन्या या प्रश्नाचे उत्तर घेऊन शाळांच्या दारी आल्या आहेत. ते उत्तर पुरे आहे की अर्धे, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. आपल्या देशाचा प्रताधिकाराचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. कल्पनेवर तो कोणाची मालकी मानीत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत, सुरांत वा रेषांत उतरली त्यांवर मानतो, आणि तीही मुदतीपुरती. ग्रंथकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ही ती मुदत होय. पूर्वी ती ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ २०११ पासून कोणासही छापता येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर त्याच्याही पूर्वी सर्वांची झाली. अर्थात् छापणे निराळे आणि लेखिकेच्या जागी आपले नाव घालणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीस मुदत सरली तरी नीतीची मुभा नाही.

हक्क कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे दाखविणारा एक जुना खटला शाळेच्या पुस्तकावरूनच मुंबईत उद्भवला होता. प्लुटार्कने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्राचे सर टॉमस नॉर्थने सोळाव्या शतकात इंग्रजी भाषांतर केले. त्यातील वेचे काढून, टीपा जोडून, मॅकमिलन कंपनीने १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या कूपर कंपनीने तशाच वेच्यांचे दुसरे पुस्तक काढले. प्रकरण मुंबई हायकोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, व डिसेंबर १९२३ मध्ये निकाल लागला. जुन्या ग्रंथास नुसती कात्री लावल्याने नवा हक्क निर्माण होत नाही; परंतु संपादकाने विद्वत्ता व श्रम वेचून लिहिलेल्या टीपा मात्र त्याच्या होत, आणि त्यांची नक्कल करणे गैर होय, असा त्याचा आशय होता. बाजारातील गाईडावरून उत्तरे उतरवून घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा भेद मनात ठेवावा.

आता धडा शिकविणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांच्या संघाने २००३ साली शाळांतून स्वयंसेवक पाठवून मुलांस असे पाठ दिले. कॅनडात २००६ साली प्रताधिकाराचे शुल्क गोळा करणाऱ्या एका संस्थेने ‘कॅप्टन कॉपीराइट’ नावाचा चित्रकथेतील वीर मुलांसाठी उभा केला. तो एकाच बाजूने बोलतो अशी टीका झाल्यावर २००७ साली त्यास रजा देण्यात आली. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०१८ मध्ये ‘आयपी नानी’ पुढे आणली. ही आजीबाई नव्या यंत्रविद्येत निपुण असून, छोटू नावाच्या नातवाच्या साहाय्याने बौद्धिक संपदेचे चोर पकडून देते. आजीने गोष्ट सांगावी ही युक्ती आम्हांस पसंत पडली. पुढे ८ डिसेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू होऊन, ३१ जुलै २०२२ पर्यंत दहा लाखांवर विद्यार्थ्यांस हा विषय समजावून देण्यात आला.

हे सारे स्तुत्यच आहे. अंधेरी, गोरेगाव, मालाडच्या कितीतरी घरांत चित्रपटाच्या धंद्यावर चूल पेटते. चोरून उतरविलेला चित्रपट मोबाइलवर पाहणारा मुलगा कदाचित आपल्याच शेजाऱ्याच्या पोटावर पाय देत असतो. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली आहे, हेही मुलांस ठाऊक असावे. परंतु विक्रेता जेव्हा गुरुजी होतो, तेव्हा ‘घेऊ नका’ एवढेच तो मोठ्याने सांगतो. ‘काय घेता येते’ हे त्याच्या तोंडून फारसे निघत नाही. आणि तेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे!

कलम ५२ पाहा. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल गुन्हा ठरत नाही. खासगी अभ्यासाकरिता वा टीकेकरिता केलेला रास्त उपयोगही नाही. स्नेहसंमेलनात शाळेच्याच मुलांनी नाटक वा गीत सादर केले, आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित मंडळींपुरतेच असले, तर तेथेही सवलत आहे. त्याच नाचाचे चित्रण समाजमाध्यमावर सर्व जगासाठी टाकणे ही मात्र निराळी गोष्ट. पालकांनी येथे जपावे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासासाठी आवश्यक भागांच्या प्रती काढण्यास कायद्याची आडकाठी नाही, असे दिल्ली हायकोर्टाने २०१६ साली ठरविले, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. ही हकीकत कोणती कंपनी वर्गात येऊन सांगेल?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पायरसीविरुद्ध कळवळून बोलणारा हाच चित्रपटव्यवसाय गीतकार व संगीतकार यांजकडून त्यांचे सर्व हक्क एकदाच लिहून घेत असे. २०१२ सालच्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या गीताच्या उपयोगातील सम वाटा त्यांस मिळाला, व तो सोडून देण्याचा करारही निरर्थक ठरला. त्याकरिता जावेद अख्तर यांस राज्यसभेत झगडावे लागले.

म्हणून हा धडा शिक्षकानेच, आणि मुलाच्या स्वतःच्या वहीपासून, द्यावा असे आम्हांस वाटते. प्रकल्पात चित्र चिकटविले तर चित्रकाराचे नाव लिहावे. उतारा घेतला तर कोठून ते सांगावे. आणि मुलांनो, हक्क केवळ नामवंतांस असतो असे समजू नका. त्यास वयाची अट नाही, नोंदणीही लागत नाही. पाचवीतल्या मुलीने पवईच्या तलावावर स्वतःच्या शब्दांत निबंध लिहिला, की त्यावरील पहिला हक्क तिचा. तो कोणा पुस्तकवाल्यास आपल्या निबंधमालेत छापावयाचा असेल, तर त्याने तिच्या घरी येऊन तिची व तिच्या आईवडिलांची परवानगी मागावयास हवी. आणि ‘नाही’ म्हणण्याची तिला पूर्ण मुभा आहे.