बॅटरी बदलण्याआधी नीट मोजा

नागपूर सोडून नोकरीसाठी कोलकात्यात आले, त्याला सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात रात्री अकराला पूर्ण चार्ज केलेला मोबाइल सकाळी सहाला ८२ टक्क्यांवर दिसू लागला. चांदनी चौकच्या बाजारातून चार्जरच्या वायरला जोडायचा छोटा यूएसबी मीटर आणला. मोबाइल बंद पडेपर्यंत वापरून पूर्ण चार्ज केला. मीटरवर आकडा आला २,५०० एमएएच. बॅटरी तर ५,००० ची! निम्मी बॅटरी गेली असं समजून नवी टाकून घेतली. पुन्हा मोजलं, तर आकडा तोच. बनावट माल दिला म्हणून मी तावातावाने दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाले, "दीदी, पहले व्होल्ट देखिए."

मीटरवर ९ व्होल्ट होते. फास्ट चार्जर ९ व्होल्टने वीज देत होता. बॅटरीवर छापलेले ५,००० एमएएच मात्र ३.८५ व्होल्टचे. मोठ्या आणि छोट्या वाटीने मोजलेले तांदूळ नुसत्या वाट्या मोजून ताडावेत, तशी माझी चूक झाली होती. खरं माप वॉट-तासाचं. मोबाइलमध्ये गेले २.५ गुणिले ९, म्हणजे २२.५ वॉट-तास; बॅटरीत मावतात १९.२५. मधला फरक मुख्यतः उष्णतेत जातो. माझी जुनी बॅटरी धडधाकट होती.

मग वीज जात कुठे होती? एक रात्र मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवला: सकाळी ९८ टक्के. दुसऱ्या रात्री सगळं चालू ठेवून खिडकीत ठेवला: ९५. माझी खोली तळमजल्यावर, जाड भिंतींची. सिग्नल क्षीण असला की टॉवरशी संपर्क टिकवायला मोबाइल जास्त वीज खर्चतो.

म्हणून सांगते, मीटरवर एमएएचऐवजी वॉट-तास बघा. मोजताना स्क्रीन बंद ठेवा, नाहीतर वापरातली वीजही बॅटरीच्या खाती जमा होते. सेटिंगमधले अ‍ॅपनिहाय टक्के हा मोबाइलने बांधलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तेवढेच तास मोजा. एवढं करूनही वॉट-तास खरोखरच कमी भरले, तरच बॅटरी बदला. धडधाकट बॅटरी कचऱ्यात टाकण्याची माझी चूक तुम्ही करू नका.