बोलण्यापूर्वीची धडधड
(ऑनलाईन इंग्रजी संभाषण आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास)

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. छातीत धडधड, घशाला कोरड आणि तळहातांना घाम अशी तक्रार होती. शारीरिक तपासणीत काही आढळले नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन व थायरॉईडच्या चाचण्याही निर्दोष होत्या. "हा त्रास केव्हा होतो?" असे विचारता ती हळूच म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजता." त्या वेळी तिचा ऑनलाईन इंग्रजी संभाषणाचा वर्ग असे. मराठी माध्यमातून शिकून ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली होती. वर्गाची तीन महिन्यांची फी आगाऊ भरलेली होती आणि तेवढ्या काळात ती तेथे चार वाक्येही बोललेली नव्हती.

मार्च २०२० नंतर संभाषणाचे असे वर्ग घरोघरी पोहोचले. आपल्या बेळगाव परिसरातील अनेक मुलेमुली आज त्यांचा लाभ घेतात. शिक्षणाची सोय झाली. परंतु तोंड उघडण्याचे धैर्य त्या सोयीबरोबर आपोआप येत नाही.

भीतीचे स्वरूप

परभाषा बोलताना वाटणाऱ्या या भीतीचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. १९८६ साली एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. एरवी निर्धास्त असणारा विद्यार्थीही परभाषेच्या वर्गात भयभीत होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

यातील शरीरक्रिया आपल्या परिचयाची आहे. अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, नाडी वाढते, तोंड कोरडे पडते. त्याच वेळी कार्यस्मृतीची मुळातच मर्यादित असलेली जागा 'मी चुकेन, सगळे हसतील' या विचाराने व्यापली जाते आणि शब्द शोधायला जागा उरत नाही. मग येत असलेला शब्दही आठवत नाही आणि 'मला येतच नाही' ही समजूत पक्की होते.

ऑनलाईन वर्गात याला एक पळवाट मिळते. कॅमेरा बंद आणि माईक बंद! त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते. पण भीतीपासून पळून मिळालेला दिलासा भीतीलाच बळ देतो, हा मानसोपचारातील जुना अनुभव आहे. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

आत्मविश्वास येतो कोठून?

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वक्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत सांगितले : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे पाहिलेले यश, विश्वासू व्यक्तीचे प्रोत्साहन आणि शरीराच्या लक्षणांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला स्रोत सर्वांत प्रभावी होय. 'आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन' असे म्हणणारा विद्यार्थी म्हणूनच वर्षानुवर्षे वाट पाहत राहतो. थोडे बोलावे, थोडे जमावे, त्यातून विश्वास यावा, हाच खरा क्रम आहे.

प्रेरणेचेही तसेच आहे. नोकरी किंवा प्रवेशाच्या आशेने फी भरली जाते. परंतु 'कालच्यापेक्षा आज मला अधिक जमले' हा अनुभव आला नाही, तर केवळ दूरच्या आशेवर दर आठवड्याचा उत्साह टिकवणे कठीण जाते.

थोडी थोडी मात्रा

अशा वेळी नाडी मंदावणारी गोळी लिहून देण्याचा मोह होतो. गोळीने धडधड कमी होईल. बोलता आल्याचा अनुभव मात्र गोळी देऊ शकत नाही. मी त्या मुलीला पुढीलप्रमाणे क्रम आखून दिला :

१. पहिले दोन आठवडे रोज दोन मिनिटे एकटीने बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करावे. विषय साधे : आजची भाजी, बसचा प्रवास, वॉर्डातील काम. पहिले मुद्रण पुसू नये.

२. त्यानंतर एका मैत्रिणीशी फोनवर रोज पाच मिनिटे इंग्रजीत बोलावे.

३. मग वर्गात एक प्रश्न आधी लिहून न्यावा व पहिल्या पाच मिनिटांतच विचारावा. पाळीची वाट पाहण्यात भीती वाढते.

४. महिन्याच्या शेवटी पहिले आणि ताजे मुद्रण लागोपाठ ऐकावे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. वाक्य पूर्ण होईपर्यंत चूक दुरुस्त करू नये. मात्र भीती अन्य प्रसंगांतही पसरत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा निराशेचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

जाताना मी तिला विचारले, "बाजारात कन्नड कशी बोलतेस?" ती हसली. "चुकत-माकत बोलते. भाजीवाल्या मावशी हसतात, पण भाजी मिळते." सीमाभागातील आपली मुले एक परभाषा रस्त्यावर निर्भयपणे शिकलेली असतात. हे त्यांचे यश त्यांना कोणी दाखवून देत नाही.

आपला वाटा

येथे आपणा डॉक्टरांनाही आत्मपरीक्षण करावे लागेल. रुग्णापासून काही लपवायचे असले की आपण इंग्रजीत बोलू लागतो. कोपऱ्यात बसलेले मूल त्यातून शिकते की, ही भाषा शहाण्यांची आहे, आपली नव्हे. वैद्यकीयच्या पहिल्या मौखिक परीक्षेत उत्तर मराठीत स्पष्ट ठाऊक असूनही मी मुका उभा होतो, हे मी विसरलेलो नाही. आपल्यापैकी कित्येकांजवळ अशी आठवण असेल. ती मुलांना सांगितली पाहिजे. आपल्यातील प्रत्येकाने आठवड्यातून अर्धा तास एका विद्यार्थ्याशी ऑनलाईन इंग्रजीत गप्पा मारल्या, तर बांडुरांनी सांगितलेले चारही स्रोत त्याला लाभतील.

दोन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली, या वेळी खोकल्यासाठी. मी वर्गाची चौकशी केली. ती म्हणाली, "डॉक्टर, धडधड अजून होते. पण आता मी तिच्यासाठी थांबत नाही."