भूकंप आणि शिक्षकाचें हजेरीपत्रक

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला; त्याच्या हादऱ्यानें आपलें सोलापूरही जागें झालें. आदल्या रात्रीं गणपतीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील अवजड धाबीं अंगावर कोसळून सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. पहाटेची वेळ म्हणून शाळा ओस होत्या. हाच धक्का दुपारीं बसता तर, हा विचार आम्हां शाळेंतल्या मंडळींस टाळतां येत नाहीं.

कच्छांत अंजार येथें ता. २६ जानेवारी २००१ रोजीं प्रजासत्ताकदिनाच्या फेरीस निघालेलीं मुलें व त्यांचे शिक्षक अरुंद गल्लींत असतां दोहों बाजूंचीं घरें त्यांच्यावर पडलीं.

म्हणून जमीन हालूं लागतांच जिन्याकडे धांवणें आम्हांस धोक्याचें वाटतें. हादरा थांबेपर्यंत विद्यार्थ्यांनीं बाकाखालीं शिरून डोकें झांकावें. (किल्लारीसारख्या धाब्याखालीं मात्र बाकाचा निभाव लागणें कठीण, तेथें इमारतच सुधारावयास हवी.) मग रांगेनें, भिंतींपासून दूर, मैदानांत जावें. वर्ग रिकामा झाल्याचें पाहून शिक्षकानें सर्वांमागून निघावें, आणि हजेरीपत्रक काखेंत असावें. तें कपाटांत कुलूपबंद ठेवण्याची आमची जुनी खोड येथें नडते. नांवें पुकारल्यावांचून आंत कोण राहिलें हें कळावें कसें? मागाहूनही धक्के बसत राहतात. दप्तरासाठीं कोणास परत जाऊं देऊं नये. पालकांनींही फाटकाशीं गर्दी न करितां, यादींत खूण झाल्यावर, आपलें मूल शिक्षकाच्या हातूनच न्यावें.