मोबाइल-सेवेची निवड : दर आणि रेंज

नवा स्मार्टफोन एकदा विकत घेतला की त्याची किंमत देऊन आपण मोकळे होतो. त्यात घालावयाच्या सिमकार्डाचे तसे नाही. त्याचा खर्च महिन्यामागून महिना चालूच राहतो, आणि दहा-बारा हजारांचा फोन चार-पाच वर्षे वापरला तर सेवेपोटी भरलेली एकूण रक्कम पुष्कळदा फोनच्या किमतीहून अधिक होते. असे असूनही फोन घेताना चार दुकाने हिंडणारा गृहस्थ सेवेची निवड मात्र जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून करतो. वस्तुतः येथे दोनच प्रश्न विचारावयाचे असतात : ही सेवा वर्षाला किती रुपयांस पडेल, आणि आपण जेथे राहतो व काम करतो तेथे तिचे तरंग पोहोचतात काय? दोन्हींची उत्तरे साध्या मोजमापाने काढता येतात.

भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन करणाराच नव्हे, तर तो घेणाराही पैसे देत असे. ही पद्धत २००३ मध्ये बंद झाली. तेव्हा मिनिटाचा दर पाहिला की तुलना संपत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर बोलण्याचा वेगळा आकार जवळजवळ नाहीसा झाला आणि योजनेची किंमत दिवस व डेटा यांवर ठरू लागली. तुलना अवघड झाली ती येथपासून.

उदाहरणादाखल जुलै २०२४ मध्ये लागू झालेले याच कंपनीचे दर घेऊ. (दर पुढे बदलत राहतात, हिशेबाची रीत तीच राहते.) २८ दिवसांची, दररोज दीड जीबी डेटा देणारी योजना रु. २९९ ची होती. ८४ दिवसांची, दररोज दोन जीबी देणारी योजना रु. ८५९ ची होती. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला पहिली स्वस्त वाटते यात नवल नाही. परंतु किमतीला दिवसांनी भागून पाहावे. पहिली दिवसाला १० रुपये ६८ पैसे पडते, दुसरी १० रुपये २३ पैसे. ३६५ दिवसांचा हिशेब केला तर पहिलीचे सुमारे ३,८९८ रुपये होतात आणि दुसरीचे ३,७३३. म्हणजे अधिक डेटा देणारी योजनाच वर्षाला १६५ रुपयांनी स्वस्त! शिवाय त्या वेळच्या नियमाप्रमाणे अमर्याद ५जी डेटा दिवसाला दोन जीबी वा त्याहून अधिक देणाऱ्या योजनांवरच मिळत असे. नवा ५जी फोन घेऊन त्यात रु. २९९ चे रिचार्ज करणाऱ्याला फोनच्या ज्या गुणासाठी त्याने जादा पैसे मोजले, त्याचा पुरता उपयोग होत नव्हता. ज्याच्या हाती एका वेळी ८५९ रुपये जमत नाहीत तोच वर्षअखेर अधिक पैसे देतो, ही गोष्ट किराणा दुकानातून रोज छटाकभर तेल नेणाऱ्यास ठाऊक आहेच.

२८ दिवसांचा हा आकडाही ध्यानात घेण्याजोगा आहे. २८ दिवस म्हणजे महिना समजणारा मनुष्य वर्षाकाठी बारा रिचार्ज धरतो, प्रत्यक्षात तेरा लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीस किमान एक ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी योजना ठेवण्यास सांगितले, ते याच तक्रारीवरून.

दुसरा फसवा आकडा ‘जीबीमागे दर’ हा होय. वरील रु. २९९ च्या योजनेत २८ दिवसांत एकूण ४२ जीबी मिळत. जीबीमागे सुमारे ७ रुपये १२ पैसे. त्याच वेळी रु. १८९ च्या २८ दिवसांच्या योजनेत सर्व मिळून अवघे दोन जीबी मिळत. जीबीमागे ९४ रुपये ५० पैसे. कागदावर दुसरी तेरापट महाग दिसते. आता घरातील आजीबाईंचा विचार करा. त्या फोनवर बोलतात, अधूनमधून नातवंडांची छायाचित्रे पाहतात, आणि महिन्यात दीड जीबीच्या वर त्यांचा डेटा जात नाही. रोजचा न वापरलेला डेटा मध्यरात्री संपुष्टात येतो; तो उद्यासाठी शिल्लक राहत नाही. त्यामुळे रु. २९९ च्या योजनेत त्यांना वापरलेला प्रत्येक जीबी जवळजवळ २०० रुपयांस पडला असता, आणि रु. १८९ च्या योजनेत १२६ रुपयांस. भागाकार मिळालेल्या डेटाने न करता वापरलेल्या डेटाने करावा. वापर किती होतो हे फोनच्या सेटिंगमध्ये महिनावार नोंदलेले असते. ज्यांना डेटा मुळीच नको, त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश एवढ्यांच्याच योजना ठेवण्याचे बंधन ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये घातले आणि अशा विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविली.

परंतु ज्या सेवेचे तरंग घरात पोहोचत नाहीत, ती कितीही अल्प दरात मिळाली तरी महागच. येथे भौतिकशास्त्राकडे वळले पाहिजे. मोबाइलचे तरंग प्रकाशाच्याच वेगाने जातात, आणि त्यांची वारंवारता जितकी कमी तितकी तरंगलांबी अधिक. ७०० मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते, ९०० मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची ३३, आणि ३,५०० मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची साडेआठच्या आसपास. दोन्हीकडील अँटेना साध्या व सारख्या प्रकारच्या असतील, तर मोकळ्या मैदानात समान अंतरावर ३,५०० मेगाहर्ट्‌झवर मिळणारी शक्ती ७०० मेगाहर्ट्‌झवर मिळणाऱ्या शक्तीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी भरते. भिंती आणि झाडी यांतूनही लांब तरंग अधिक सहज पार होतात. टेकडीआड वळण्याचे सामर्थ्यही त्यांच्यात जास्त. याउलट उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात जागा प्रशस्त असल्याने डेटाचा वेग मोठा मिळतो. म्हणून शहराच्या चौकात जी कंपनी वेगात सरस ठरते ती सह्याद्रीच्या वा हिमालयाच्या कुशीतील खेड्यात सरस असेलच असे नाही.

आणखी एक कारण कायदेशीर स्वरूपाचे आहे. या पट्ट्यांचे लिलाव देशाच्या २२ परिमंडळांप्रमाणे होतात. मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. एकाच कंपनीजवळ या दोहोंत सारखेच पट्टे असतील असे गृहीत धरू नये, आणि मुंबईच्या भावाने गडचिरोलीच्या बहिणीस दिलेला सल्ला त्या दृष्टीने तपासून घ्यावा. फोनलाही ते पट्टे कळावे लागतात. परदेशाहून आणलेला फोन येथील एखादा पट्टा ओळखत नाही असे घडते. जिओने ५जी सेवा ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्रपणे उभारली, एअरटेलने ती प्रारंभी ४जीच्या आधारावर दिली; फोनमध्ये संबंधित सोय नसेल तर वर ५जीचे चिन्ह असलेला खोकाही कामास येत नाही.

कंपन्यांनी आपले रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत, असे ट्रायने २०२४ मध्ये केलेले नियम सांगतात. ते अवश्य पाहावेत. परंतु नकाशा घराबाहेरचा अंदाज देतो, स्वयंपाकघराचा नव्हे. यासाठी शाळेतील मुलांनाही करता येईल असा एक प्रयोग आहे. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली संकेताची शक्ती ‘डीबीएम’ या मापात दिलेली आढळते. (पडद्यावरील दांड्यांवर विसंबू नये, किती शक्तीला किती दांड्या दाखवावयाच्या हे फोन बनविणारा ठरवितो.) शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, आणि दर दहा अंक खाली उतरले की शक्ती दशांश होते. म्हणजे वजा ९० हा आकडा मिलिवॅटचा एक अब्जांश दाखवितो; इतक्या क्षीण संकेतावर फोन उत्तम चालतो, हे यंत्रशास्त्राचे कौतुकच म्हटले पाहिजे. ४जीवर साधारणपणे वजा ९० वा त्याहून वरचे वाचन चांगले, वजा ११० च्या सुमारास काम रडतखडत चालते, आणि वजा ११५ च्या खाली बोलणे तुटू लागते. शेजारी वा आप्त यांच्याकडून निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे घटकाभर मागून घ्यावीत, ती एकाच फोनमध्ये घालावीत आणि निजण्याची खोली, अभ्यासाची जागा, अंगण, शेत अशा ठिकाणी वाचन टिपावे. कार्डे बदलावीत, फोन बदलू नये. नाहीतर तुलना कंपन्यांची न होता फोनांची होईल.

हे टिपण सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास एकदा करावे, आणि दोन्ही वेळी एखादी चित्रफीत लावून पाहावी. पुष्कळदा डीबीएमचा आकडा तोच राहतो आणि चित्रफीत मात्र रात्री अडखळते. तेव्हा उणीव तरंगांची नसून गर्दीची असते : एका मनोऱ्याची क्षमता सर्वांत वाटली जाते.

आपला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’ या रोमन लिपीतील शब्दापुढे आपला क्रमांक लिहून पाठविला की एक सांकेतिक क्रमांक येतो. तो नव्या कंपनीस द्यावयाचा. एकाच परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत होते, दुसऱ्या परिमंडळात जावयाचे तर पाच. मात्र एका कंपनीत किमान ९० दिवस झाल्याखेरीज तेथून निघता येत नाही, आणि निघताना जुन्या योजनेचे उरलेले दिवस व शिल्लक बुडते. यास्तव नव्या गावी किंवा नव्या घरी गेल्यावर वर्षभराची योजना दिवसामागे स्वस्त पडत असली तरी पहिली तीन रिचार्जे २८ दिवसांचीच करावीत. त्या अवधीत पावसाळा येऊन गेला तर आणखी बरे. वीज गेल्यावर मनोरा किती वेळ तग धरतो हेही कळते.