दवाखाना दीड हजार किलोमीटरवर असेल तेव्हा

“पित्ताशयात खडे आहेत, पण त्रास देत नाहीत ना? मग त्यांना हात लावू नका.” पुण्यातल्या सर्जननी मला हे सांगितलं तेव्हा ते बरोबरच होतं. बहुतेकांचे खडे जन्मभर गप्प असतात, आणि पुण्यात मध्यरात्री कळ आलीच तर रिक्षा करून दवाखाना गाठता येतो. मी मात्र त्यानंतर कॅनडाच्या नुनावुट प्रदेशात शिकवायला आले, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा इन्युइट गावात. पुण्यासाठी दिलेला सल्ला इथे चालेल का, हा प्रश्न कुणी विचारण्याचं कारणच नव्हतं.

नुनावुट महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा. वस्त्या 25, आणि त्या एकमेकींना रस्त्याने जोडलेल्या नाहीत. प्रदेशातलं एकमेव रुग्णालय इकालुइटला, उपसागराच्या पार पलीकडे. आमच्या किवालिक भागातला गंभीर रुग्ण विमानाने दक्षिणेतल्या विनिपेग शहरात जातो, जवळजवळ दीड हजार किलोमीटर. गावात असतं ते हेल्थ सेंटर. ते नर्स चालवतात, डॉक्टर अधूनमधून येतात, एरवी फोनवर असतात.

कळ आली ती जेवणानंतर. छातीच्या खाली मधोमध सुरू झाली आणि आरपार पाठीत गेली. उताणं पडवेना, पोटाशी उशी धरून पुढे वाकून बसलं की जरा बरं. उलट्या थांबत नव्हत्या आणि उलटी होऊनही हलकं वाटत नव्हतं. मराठी घरात अशा वेळी ओवा, हिंग, सोडा आणि ‘सकाळपर्यंत बघू’ हा क्रम ठरलेला असतो. ॲसिडिटीला तो ठीक आहे. पण पाठीत जाणारी आणि तासाभरात न ओसरणारी कळ ॲसिडिटीची समजू नका. खडा सरकून नलिकेच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाचा पाचकरस कोंडतो आणि ते स्वतःलाच पचवू लागतं. यालाच पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. दहापैकी आठ जणांचा तो सौम्य असतो. उरलेल्यांत मूत्रपिंड, फुप्फुसं यांच्यापर्यंत पोचू शकतो. कुणाचा कुठल्या वाटेने जाणार हे पहिल्या रात्री नक्की सांगता येत नाही.

म्हणून रात्रीच नर्सला फोन करायचा. पहिल्या दिवसाचा उपचार म्हणजे मुख्यतः शिरेतून सलाइन आणि वेदनाशामक, आणि हे दोन्ही गावात मिळतं. लायपेज नावाची रक्ततपासणी मात्र आमच्याकडे होत नव्हती; ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट झालं की निदान जवळजवळ पक्कं होतं. ती तपासणी नसेल तेव्हा नर्सला तुमच्या शब्दांवरच विसंबावं लागतं. ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगू नका. कुठे, केव्हापासून, पाठीत जातं का, वाकल्यावर कमी होतं का, पूर्वी खडे दिसले होते का, कोणती औषधं चालू आहेत, हे सगळं सांगा. माझा जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट फोनमध्ये होता. फोनवरच्या डॉक्टरांनी विमान मागवलं ते तो ऐकून. तरी हिमवादळामुळे ते दुसऱ्या दिवशी उतरलं. वादळ यायच्या आधी नर्सला कळलेलं असेल, तर निर्णय हवामानाच्या आधी होऊ शकतो. उत्तरेत हे दुखण्याइतकंच महत्त्वाचं.

आता जरा कडू बोलते. या आजाराची दोन मोठी कारणं: खडे आणि दारू. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फार वाढणं हे तिसरं. विनिपेगला मला दारूबद्दल एकदा विचारलं, मी नाही म्हटलं, विषय संपला. पुढे माझ्या शेजारच्या इन्युइट आजींना हेच दुखणं झालं. दक्षिणेतल्या रुग्णालयात त्यांना हाच प्रश्न प्रत्येक शिफ्टला नव्याने विचारला गेला. आजींनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी समाजांत, विशेषतः बायकांत, पित्ताशयाचे खडे फार आढळतात; ॲरिझोनातले पिमा लोक त्याचं जुनं, प्रसिद्ध उदाहरण. तरी पहिला तर्क दारूचा! 2008 मध्ये विनिपेगमध्येच ब्रायन सिंक्लेअर हा मूलनिवासी माणूस आपत्कालीन विभागात चाकाच्या खुर्चीवर 34 तास बसून राहिला आणि तिथेच मेला. त्याला मूत्राशयाचा, बरा होणारा संसर्ग होता. तो प्यायलेला असेल, झोपला असेल, असं काहींनी धरून चाललं होतं, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं.

तेव्हा वयस्क माणसासोबत घरचं कुणीतरी आणि इनुक्टिटुट ही इन्युइट भाषा जाणणारा दुभाषा हवाच. तो हक्काने मागा. आणि दारूचं उत्तर एकदा कागदावर लिहवून घ्या. पीत असाल तर खरं प्रमाण सांगा, कारण वॉर्डात दारू अचानक तुटली की कंप, झटके येऊ शकतात आणि डॉक्टर आधीच सावध असलेले बरे. दारूमुळे झालेला पॅन्क्रियाटायटिसही तितकाच दुखतो, त्यालाही तेच सलाइन आणि तीच माणुसकी लागते. बंद केली तर पुन्हा होण्याची शक्यता घटते. सिगारेटही यात गुन्हेगार आहे, आणि उत्तरेत ती फार ओढली जाते.

इकडे नोकरीला येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी खड्यांचा विषय सर्जनकडे पुन्हा काढावा, आणि जाणार त्या गावाचं अंतर सांगूनच काढावा. आजारपणाच्या विमानाचा खर्च कोण देणार, हेही करारात वाचा. इन्युइट रहिवाशांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. आपल्यासारख्यांना ती लागू नाही.

सर्वांत मोलाची गोष्ट डिस्चार्जच्या वेळची. बरं वाटू लागलं की ‘घरी जा, काही आठवड्यांनी शस्त्रक्रियेला या’ असं सांगण्याची पद्धत अजून आहे. नेदरलँड्समधल्या 2015 च्या एका अभ्यासात सौम्य आजाराच्या रुग्णांचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं, तेव्हा खड्यांमुळे पुन्हा दाखल होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण 5 टक्के राहिलं. थांबवलेल्यांत ते 17 टक्के होतं. तेही दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेल्या देशात. मी हट्ट धरला आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करूनच परतले. आजींना मात्र शस्त्रक्रियेविनाच घरी पाठवलं होतं. महिनाभरात दुसरा झटका, दुसरं विमान. आजार सौम्य असेल आणि कारण खडे असतील, तर सही करण्यापूर्वी एवढंच विचारा: पित्ताशय याच मुक्कामात का काढत नाही? कारण पटेपर्यंत परतीचं तिकीट घेऊ नका.