रेंजच्या शिशाची पिस्तुलगोळी

अमेरिकेत उघड्या शूटिंग रेंजच्या निशाण्यामागे मातीचा बांध असतो आणि झाडलेल्या गोळ्या त्यात साठत जातात. मालकाची परवानगी असली की ते शिसं चाळून आणायचं. (भारतात विनापरवाना हे करणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, इथल्यांनी नुसतं वाचावं.)

खरं काम ओतण्याचं नाही, साफसफाईचं आहे. आणलेला माल तांदूळ निवडावेत तसा निवडावा. त्यात न उडालेलं काडतूस सापडू शकतं; ते भांड्यात गेलं तर फुटेल. मग माल उन्हात खडखडीत वाळवावा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. म्हणून वाळवलेला मालही थंड भांड्यातच घालून मग गॅस लावावा. वितळलेल्या शिशात या मालाची नवी भर टाकू नये.

हे सगळं उघड्यावर, लांब बाह्या, चामडी हातमोजे आणि चष्मा घालून. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२०ला. थर्मामीटर ३७०च्या पुढे जाऊ दिला नाही, तर चुकून आलेला जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो आणि झाऱ्याने काढता येतो. तांब्याची कवचंही वरच येतात; ती वेगळी ठेवावीत, भंगारवाला घेतो. वर मूठभर कोरडा लाकडी भुसा टाकून तो जळेपर्यंत ढवळावं. उरते ती करडी, भुकटीसारखी मळी. धुरापेक्षा हिलाच जपायचं, कारण विष हाताने तोंडात जातं. ती झाकणाच्या डब्यात भरावी. स्वच्छ शिशाच्या लगडी पाडाव्यात. त्यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

रेंजच्या शिशात मऊ-कडक सगळंच मिसळलेलं, त्यामुळे दर खेपेचा कडकपणा निराळा. म्हणून मी सुरुवातीला .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूसच सुचवीन: दाब कमी, वेग बेताचा, मऊ शिसंही चालतं. शेकडा एक-दोन भाग कथील घातलं की साचा कानाकोपऱ्यापर्यंत भरतो.

ओतताना शिसं ३७० ते ४०० अंशांवर ठेवावं आणि साचा आधी तापवावा. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा गार आहे; पांढुरकी झाक आली तर फार तापलाय. अशा गोळ्या बिनदिक्कत पुन्हा भांड्यात टाकाव्यात, पण हळूच. साच्यावरचं जादा शिसं गोठून निस्तेज झालं की वरची पट्टी फिरवून कापावं आणि गोळी जाड टॉवेलवर पाडावी. २३० ग्रेनची गोळी साधारण १५ ग्रॅमची, म्हणजे किलोला पासष्टेक.

गार झाल्यावर वंगण लावून गोळी .४५२ इंचाच्या डायमधून काढावी. नळीपेक्षा बारीक राहिली तर कडेने गरम वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. मग थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेरच ठेवावं.