वर्षाला शंभर तास

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

माहूर

चि. भाचीस,

हवाई दलात जायचं तू ठरवलंस आणि आदर्श म्हणून विवेक राम चौधरी यांचं नाव घेतलंस, याचा फार आनंद झाला. हदगाव तालुक्यातलं हस्तरा हे त्यांचं मूळ गाव, म्हणजे माणूस आपल्याच नांदेड जिल्ह्याचा. ३० सप्टेंबर २०२१ ला ते हवाई दलप्रमुख झाले आणि तीन वर्षांनी निवृत्त झाले. पण तुझ्या डोळ्यांसमोर फक्त हे पद आहे. मला त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात.

डिसेंबर १९८२ मध्ये त्यांना लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन मिळालं. तिथून जवळपास चार दशकांत त्यांचं उड्डाण ३,८०० तासांहून थोडं जास्त. भागाकार करून बघ: वर्षाला शंभराच्या आसपास तास, दिवसाला वीस मिनिटंसुद्धा नाहीत. कारगिलच्या वेळचं ऑपरेशन सफेद सागर, सियाचीनचं मेघदूत, सगळं त्यात आलं. उरलेला काळ जमिनीवरचा, आणि वैमानिक घडतो तो तिथेच. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३० अशी विमानं त्यांनी चालवली. विमान बदललं की कितीही अनुभवी माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. नवं इंजिन, नवं रडार, हवेत बिघाड झाला तर काय करायचं ते क्रमाने तोंडपाठ. ज्या मिग-२१ वर ते उडाले, ते २०२५ मध्ये सेवेतून गेलं. शिकण्याची सवय मात्र कालबाह्य होत नाही. शिवाय ते 'ए' श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात त्यांनी शिकवलं, झांबियातही शिकवलं. 'सूर्यकिरण' या कसरतींच्या चमूत ते अगदी सुरुवातीपासून होते. खालून बघणाऱ्याला ती कसरत मोठी मोकळी वाटते. आतल्या वैमानिकाची नजर मात्र शेजारच्या विमानावरून क्षणभरही हलत नाही.

मूळ गाव असणं वेगळं आणि माहुरात राहून मराठीत शिकणं वेगळं, असं तुझे बाबा म्हणतील. अगदी रास्त आहे. जिल्ह्याच्या अभिमानाने गणित सुटत नाही, आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेशपरीक्षेचा पेपर तर इंग्रजी-हिंदीतच येतो. पण ही अडचण अभ्यासाने हटणारी आहे. २०२२ पासून मुलींना एनडीए खुली झाली आहे आणि मुलींच्या पूर्वतयारीसाठी नाशिकला सरकारी संस्थाही आहे. आई म्हणेल, प्रमुख एकच होतो, बाकीच्यांचं काय? तेही खरं. त्या पदावर ज्येष्ठतेचा, जन्मतारखेचासुद्धा हिशेब चालतो. ते कुणाच्या हातात नसतं. म्हणूनच पदाचा ध्यास धरू नकोस. कामाची गोडी लागली, तर विंग कमांडर म्हणून निवृत्त होणाऱ्या बाईचं आयुष्यही वाया गेलेलं नसतं.

तेव्हा दहावीनंतर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नकोस. हवाई दलासाठी दोन्ही लागतात. रोज थोडं इंग्रजी मोठ्याने वाच. आणि घाई करू नकोस: वैमानिक-अभिरुची चाचणीत पास झाल्याशिवाय वैमानिक होता येत नाही. तयारी पूर्ण झाल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

तुझा मामा